पोचलं बरं का, प्रभू

आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे यायचं. रूथबाई साळवे त्याचे उपकार आदल्या संध्याकाळीच मानून ठेवायच्या. कोरड्या नळाखाली कळशी लावायची, पदर डोक्यावर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणायचं, "पोचलं बरं का, प्रभू. उपकार झाले." कळशी रिकामी असायची. नळात वारासुद्धा नसायचा.

नंबर लावून ठेवायची ही युक्ती आहे असं आम्हा बायकांना वाटलं. पहिल्याच आठवड्यात मी भांडायला गेले. तर त्यांनी कळशी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तू भर आधी. माझं पोचलंय." अशा बाईशी भांडायचं कसं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

परळला भोईवाड्याच्या बाजूला आमची चाळ. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, तिच्यापुढे शेवटची त्यांची. बाई मूळची नगरकडची, ख्रिस्ती, नवरा वारलेला. बाळंतपणाच्या एका इस्पितळात आया होती. उंच, हाडापेराने मोठी, अंगावर पांढरं लुगडं आणि पायात पुरुषी चपला. चालायची अशी की उशीर झालाय असं वाटावं. उशीर तिला कधीच झालेला नसायचा.

मी एकदा विचारलं, "मिळायच्या आधी कसले हो उपकार?"

"मिळाल्यावर तर वाण्याचेसुद्धा मानतात," त्या म्हणाल्या. "आधी मानावे लागतात. त्यालाच विश्वास म्हणतात."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला त्यात विश्वास काही दिसला नाही, देवाला अडचणीत आणणं तेवढं दिसलं. माझा नवरा गिरणीत साचेखात्यात मागावर होता, मालवणकडचा माणूस. तो ऐकून हसला. "देवाक भिडेत घालता ती बाई," म्हणाला. "आता त्येका नाय म्हणूक तोंड खंय?"

देवाचं राहू द्या, तिने मलाही भिडेत घातलं होतं. दिवाळीला दहा-बारा दिवस होते. घरात पोहे आणलेले नव्हते. रूथबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इंदू, चिवडा पोचला गं. खोबरं काय खमंग भाजलं होतंस." आणि गेल्या. आता काय करणार? त्या वर्षी मी कधी नव्हे ते खोबऱ्याचे काप मंद आचेवर भाजत बसले. सासूबाई म्हणाल्या, मागायची ही नवीन रीत दिसते.

पण नाताळला त्यांच्याकडून भरलेलं ताट आलं. त्यांच्यात नाताळला आपल्यासारखाच फराळ करतात, करंज्या, शेव, रव्याचे लाडू. सासूबाईंनी ते ताट हातात न घेता मला कपाटावर ठेवायला लावलं. ख्रिस्तावांच्या हातचं आपल्यात चालत नाही म्हणाल्या. दुपारी मला डुलकी लागली आणि जाग आली तर म्हातारी स्टुलावर उभी. तोंड हलत होतं. मी डोळे परत मिटून घेतले. संध्याकाळी त्या आपणहून बोलल्या, "ताट रिकामं परत पाठवू नकोस हो. चार बेसनाचे लाडू ठेव." पुढच्या वर्षापासून ते ताट कपाटावर चढलं नाही.

इस्पितळातही हाच प्रकार. बाळंतीण कळा देतेय, ओरडतेय, आणि रूथबाई तिच्या पायाशी डोळे मिटून, "दोघंही सुखरूप पोचली, प्रभू." नर्स ओरडायची, आधी होऊ तर दे. एकदा चाळीतल्याच एका बाईने त्यांना गाठलं, माझ्या सुनेला मुलगा झाला म्हणून आत्ताच उपकार मानून ठेवा. रूथबाईंनी साफ सांगितलं, "मी मूल पोचलं एवढंच म्हणते. पुढचं तो बघेल." मुलगी झाली. त्या सासूने वर्षभर तोंड फिरवलं. रूथबाई मात्र त्या पोरीला रोज कडेवर घेऊन गॅलरीत फिरायच्या, जणू मागून घेतली होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. संध्याकाळ झाली की चाळीच्या चौकात सभा, घोषणा, खडूने भिंती रंगलेल्या. पहिल्या मजल्यावरचे सावंत म्हणजे आमच्या चाळीचे पुढारी. गळा बसलेला आणि तरी बोलणं चालूच. एका सभेत त्यांनी वर बघून थट्टा केली, "रूथबाई, नळाचे मानता तसे मुंबईचेही मानून टाका, म्हणजे आमचे कष्ट वाचतील."

लोक हसले. रूथबाई जिना उतरून खाली आल्या. चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला.

"मुंबई पोचली, प्रभू. महाराष्ट्रासकट. उपकार झाले."

हसावं की नाही ते कोणाला कळेना. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. माझा नवरा घरी येताना म्हणाला, "चला, मोर्चो रद्द." पण रद्द कुठला होतोय.

एका हरताळाच्या दिवसाची गोष्ट. गिरण्या बंद होत्या. पहाटे भोंगा वाजला नाही. इतकी वर्षं मी त्या भोंग्याला शिव्या दिल्या, पण तो वाजला नाही तर दिवस उजाडलाय हेच खरं वाटेना. धुराड्यांतून धूर नाही. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं, आणि त्यात घारी, अगदी सावकाश फिरणाऱ्या. नवरा सकाळीच खात्यातल्या लोकांबरोबर फोर्टात मोर्चाला गेला होता. दुपारी सगळी चाळ पाण्याखाली गेल्यासारखी झाली. उन्हात कापसाचं तूस तरंगत होतं. गिरणी बंद, तरी ते कुठून यायचं कोण जाणे. खालच्या मजल्यावर कोणी कुजबुजलं तर ते फार लांबून, दुसऱ्याच गावातून आल्यासारखं वाटायचं.

मग सावंत आले, लंगडत. जिन्यात बसूनच त्यांनी सांगितलं की फोर्टात गोळीबार झाला. लोक सैरावैरा धावले. माझा नवरा त्यांच्या पुढेच होता, मग दिसला नाही.

मी रडले नाही. मी सूप घेतलं आणि गॅलरीत तांदूळ निवडायला बसले. निवडलेलेच तांदूळ परत निवडत होते. सासूबाई देवापुढे बसल्या.

रूथबाईंची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, त्या झोपलेल्या होत्या. गलबल्याने उठल्या, कोणीतरी त्यांना सांगितलं. त्या माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. केस मोकळे, डोळ्यांत झोप. पदर घेतला. मला कळलं आता काय येणार.

"इंदूचा नवरा पोचला, प्रभू. उपकार झाले."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कुठे पोचला? दाखवा मला. नळाचं पाणी आहे का ते? आणि नाही आला तर काय कराल? उपकार परत घ्याल?"

त्या रागावल्या नाहीत. माझ्या शेजारी खाली बसल्या, सूप आपल्याकडे ओढलं आणि त्याही तांदूळ निवडू लागल्या. निवडण्यासारखं काही नव्हतं. निवडता निवडता म्हणाल्या,

"माझा दानिएल पाच वर्षांचा होता. घटसर्प झाला त्याला. तो बरा झाला म्हणून मी देवळात सगळ्यांसमोर उपकार मानले. तो घरी तापात होता आणि मी तिकडे मानले. सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं."

त्यांना मूल होतं हेच मला माहीत नव्हतं. चाळीत कोणालाच नव्हतं.

"मग?"

"मग गेला."

घारी फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, रूथबाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

"देवळातले पाळकसाहेब समजूत घालायला आले," त्या म्हणाल्या. "त्यांनाच काय बोलावं ते सुचेना. मीच त्यांना चहा करून दिला. उपकार मानले होते, ते मानले होते. परत कसे मागायचे? मिळालं नाही म्हणून दिलेलं उचलून आणायचं का?"

मी म्हटलं, "तुमचा विश्वास दांडगा आहे, रूथबाई. मला नाही जमायचं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खुळी आहे.

"दांडगा असता तर मिळेपर्यंत थांबले असते की गं. घाई कशाला केली असती? मला भीती वाटली की मी उपकार मानते. नाहीतर पाय उभे राहत नाहीत."

एवढं बोलून त्या सुपातले नसलेले खडे शोधायला लागल्या. समोर त्यांची कळशी नळाखाली होती, रोजच्यासारखी रिकामी, रात्रपाळीमुळे झोपायच्या आधीच लावून ठेवलेली. मला ते पोहे न आणलेले दिवस आठवले, दारात उभ्या राहून त्यांनी चिवड्याची केलेली तारीफ आठवली. दिवाळीला सगळ्या चाळीत ताटं फिरतात. आपल्या दारावरून ती पुढे जातील, अशी भीती एखाद्या बाईला वाटू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला माझा नवरा आला. अर्ध्या वाटेपर्यंत कोणाच्या तरी सायकलवरून आणि पुढे पायी. सदरा फाटलेला, एकच चप्पल. मी उठले. पाणी दिलं. पण रूथबाई, ज्यांनी दुपारीच त्याला पोचवून ठेवला होता, त्या भिंतीला पाठ घासत खाली बसल्या. पाय गेले त्यांचे. तोंडावर पाणी मारावं लागलं.

"हेंका काय झाला गो?" नवऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही आलात ते त्यांना खरं वाटत नाही."

पुढे राज्य झालं. त्या रात्री आमच्या चाळीत ढोल, गुलाल, गॅलरीत कंदील, सावंतांचा आवाज पार गेलेला. मी रूथबाईंच्या खोलीत डोकावले. त्या झोपल्या होत्या. मी म्हटलं, "अहो उठा, मुंबई पोचली."

"ती केव्हाच पोचली," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला त्यांच्या पोटात गाठ निघाली. परळमधल्याच एका इस्पितळात त्यांना ठेवलं. दुपारी भेटायची वेळ असायची तेव्हा मी जायचे. लांबच लांब खोली, पांढऱ्या खाटा, उंच खिडक्यांमधून येणारा उजेड दुधासारखा. त्या उजेडात रूथबाई दिवसेंदिवस लहान होत चालल्या होत्या. एवढी हाडापेराची बाई, चादरीखाली आहे की नाही ते कळेना. पुरुषी चपला खाटेखाली नीट जोडून ठेवलेल्या. आसपासच्या खाटांवरच्या बायका सांगायच्या, ही बाई आमच्यासाठी काहीतरी पुटपुटते, पोचलं पोचलं म्हणते.

मी म्हटलं, "आणि स्वतःसाठी? बऱ्या झाल्याचे उपकार मानले की नाही?"

"नाही गं."

"का?"

त्या खिडकीकडे बघत होत्या. बाहेर काही नव्हतं, नुसता उजेड होता.

"मला आता भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. दानिएलचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण चेहरा असा होता की स्टेशनवर कोणीतरी न्यायला येणार आहे.

मला तो चेहरा आवडला नाही. मी असल्या गोष्टी बोलणारी बाई नाही. डोळ्यांत पाणी वगैरे मला येत नाही, आलं तर मी उठून जाते. मी उठले, पिशवी घेतली. खाटेच्या कडेला उभी राहिले, आणि का ते मला ठाऊक नाही, पदर डोक्यावर घेतला.

म्हटलं, "यंदाच्या नाताळच्या करंज्या पोचल्या हो, रूथबाई. छान झाल्या होत्या."

नाताळला अजून दोन आठवडे होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. त्यांचं हसणं मी इतक्या वर्षांत नीट बघितलंच नव्हतं, पुढच्या दोन दातांत फट होती.

"इतकी घाबरलीस, इंदू?"

त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "सारणात खसखस जास्त नव्हती ना झाली?"

"बेताची होती," मी म्हटलं.

त्या नाताळला ताट आलं नाही. मी मानलेले उपकार परत मागितलेले नाहीत.