हरवलेल्या चष्म्याची रीतसर व्याख्या

माणसाला काय हवं आहे हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही, म्हणून समित्या नेमाव्या लागतात. आमच्या बसस्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीसाठी संगणक प्रणाली करायचं ठरलं, तेव्हा गरजा गोळा करणाऱ्या समितीचा सचिव मी होतो.

खिडकीवर बावीस वर्षं एकच बाई बसत. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्यामागे तीन फळ्या होत्या : छत्र्या, चष्मे आणि इतर. (इतरमध्ये एका लग्नाचा अल्बम होता. दोघांपैकी कुणीच न्यायला आलं नव्हतं.)

गरजा टिपायला आलेल्या तज्ज्ञाने मावशींना विचारलं, वस्तू खऱ्या मालकालाच जाते हे कशावरून?

"मी तोंडाकडे बघते," मावशी म्हणाल्या. "ज्याचं हरवलंय त्याचं तोंड लपत नाही."

तज्ज्ञाने लिहिलं : गरज क्रमांक एक, मालकाचा चेहरा तपासणारा कॅमेरा. चष्म्यांच्या फळीवरचा दिवा गेलाय, तेवढा बदला, असंही त्या म्हणाल्या. त्याची नोंद 'दृश्यमानता' या सदरात झाली आणि साहेबांच्या टेबलावर रंगीत आलेख दिसण्याची सोय मंजूर झाली.

पुढे 'हरवलेली' या शब्दावर अकरा बैठका झाल्या. मालकाला ठाऊक असेल तर वस्तू हरवलेली, ठाऊक नसेल तर विसरलेली, आणि ठाऊक असूनही तो फिरकला नाही तर टाकलेली. या बैठकांना मावशींना बोलावलं नाही. खिडकी बंद ठेवावी लागली असती, आणि जनतेची गैरसोय आम्हाला खपत नाही.

एकूण दोनशे अकरा गरजा निघाल्या. प्रणाली आली, मावशी वरच्या मजल्यावर दप्तरखान्यात गेल्या, आणि खिडकीवर नवा कारकून बसला.

पहिल्याच दिवशी, मी पाहणीसाठी खिडकीपाशी हजर असताना, एक म्हातारा शिंपी आला. महिन्यापूर्वी बायकोला दवाखान्यात नेताना तिचा चष्मा बसमध्ये राहिला होता. चष्मा त्याला समोरच्या फळीवर दिसत होता. एका दांडीला त्यानेच निळा दोरा गुंडाळला होता. कारकुनाने नियमाप्रमाणे सांगितलं, मालकिणीला कॅमेऱ्यासमोर उभं करा.

"ती आता येऊ शकत नाही," शिंपी म्हणाला.

कारकुनाने कारणांची यादी उघडली. आजारी, परगावी, इतर. त्याने 'इतर' निवडलं. पडद्यावर उत्तर आलं : मालक सवडीने आल्यास चालेल.

म्हातारा बाकावर बसून राहिला. मलाही वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याची तरतूद दोनशे अकरांत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मावशी खाली उतरल्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आत जाऊन चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला. त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस मीच बजावली. (प्रणालीत तो चष्मा अजून फळीवरच आहे. वार्षिक अहवालात वस्तू शंभर टक्के सुरक्षित आहेत.)

जाताना शिंप्याने मला शांतपणे विचारलं, "हे असं कुणी ठरवलं हो?"

मी त्याला दप्तर दाखवलं. गरजांची यादी हरकतींसाठी तीस दिवस सूचनाफलकावर लावली होती. एकही हरकत आली नाही. फलक सहा नंबरच्या थांब्यासमोरच आहे, वाचकहो. तुम्ही रोज तिथे बसची वाट बघत उभे असायचात, आणि तुमच्या संमतीचा आम्ही पुरेपूर मान राखला.