बुटक्या घोड्याची हकिकत

श्रीशारदेस एक नमस्कार, आणि खोटे न बोलणाऱ्या मोजपट्टीस दुसरा. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष शुद्ध सप्तमीस टी-शर्टाच्या पहिल्या नमुन्यावर छापलेला घोडा धुण्यापूर्वी दोनशे मिलिमीटर उंच होता, आणि धुवून वाळविल्यावर एकशे शहात्तर भरला. रुंदी मात्र एकशे साठाची एकशे पंचावन्न, म्हणजे घोडा बुटका जाहला. हे माप सगुणाबाई हुपरीकर यांनी तीनदा घेतले. राज्य कोणते ते लिहीत नाही. वस्त्रांचा मोठा कारखाना, गादीवर श्रीमंत विश्रामसाहेब आणि कारभारी दाजीबा, एवढे पुरे.

बाई पूर्वी गावी दुकानांच्या पाट्या रंगवीत, मग संगणकावर चित्रे काढू लागल्या, मग रंग कापडात कसा बसतो आणि कापड पाण्यात किती आटते याचा अभ्यास केला, आणि या राज्यात कपड्यांचे नमुने करण्याच्या चाकरीस राहिल्या, त्यास नऊ वर्षे जाहली. नऊ वर्षांत जे जे खपले ते ते बाईंनी काढिले, आणि दरबारची रीत ऐसी की प्रत्येक नमुन्याखाली ‘श्रीमंतांच्या कल्पनेतून’ इतकेच छापावे. बाईंनी दोनदा अर्ज केला की कोपऱ्यात आपले नाव असावे. दाजीबा म्हणाले, जागा नाही. बाई मनात म्हणत की पाडव्यास चाकरी सोडून स्वतःचा कारखाना काढू, आणि पाडवा येई, आणि हातात अर्धा नमुना असे, आणि मग दसरा ठरे. छपाईवाले कासमभाई विचारीत, “बाई, तुमचा पाडवा कुठल्या साली येतो?” बाई म्हणत, “एवढा नमुना उरकू दे.”

हा घोडा वर्धापनदिनी दहा हजार माणसांच्या छातीवर मिरवायचा होता. बाई म्हणाल्या, कापड आधी धुवून मग कापावे. दाजीबा म्हणाले, वेळ नाही. मग बाईंनी गणित मांडून घोडा दोनशे सत्तावीस उंच काढिला, की आटल्यावर दोनशेच भरावा, आणि शेजारी कारण लिहिले. श्रीमंतांनी चित्र पाहिले, कारण वाचिले नाही, आणि पुसिले, “दाजीबा, हा उंट कशासाठी?”

“बाईंची नजर गेली असावी, सरकार.”

“धुतल्यावर घोडाच होईल, साहेब,” बाई बोलिल्या.

“आम्हांस न धुता पाहिजे,” ऐसे बोलून श्रीमंतांनी संगणकाच्या पडद्यावर स्वहस्ते घोडा दाबून दोनशेवर आणिला, आणि दरबार वाहवा म्हणाला, आणि तोच छापला, आणि आठ दिवस आधी वाटला. लोकांनी नव्या कापडाची खळ जावी म्हणून घरोघरी धुतला. मग मिरवणूक निघाली, आणि दहा हजार छात्यांवर आखूड पायांचे गाढव चालू लागले, आणि कडेचे लोक म्हणाले, “गाढवांची जत्रा यंदा लवकर भरली.” श्रीमंत उघड्या मोटारीतून हे ऐकते जाहले.

दुसरे दिवशी दरबार भरला. दाजीबांनी बाईंपुढे कागद ठेविला, त्यावर लिहिले होते की सदर चित्र सर्वस्वी सगुणाबाई हुपरीकर यांचे, आणि हा कागद गावोगाव लावावयाचा होता. “सही करा, बाई. नाव पाहिजे होते ना? चांगले मोठ्या अक्षरांत घेतले आहे.” दोघेचौघे हसले. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचिला. ज्या कामाने राज्याचे नाव झाले त्यात बाईंस कोपऱ्याएवढी जागा नव्हती, आणि फजितीस अख्खा कागद मोकळा. बाई आवाज न चढविता बोलिल्या, “माझा घोडा दोनशे सत्तावीसांचा होता, साहेब. हा आपला आहे.”

“आमचा?” श्रीमंत बोलिले. “चाकरी करावयाची आहे ना?”

थोडक्यात सांगावयाचे तर त्या राज्यात यशास धनी एक होता आणि चुकीस दुसरा शोधीत, हे पुष्कळांस ठाऊक असून कोणी बोलत नसे. बाईंनी लेखणीस टोपण घातले, आणि दाराशी उभे असलेल्या कासमभाईंसही ऐकू जाईल ऐशा बेताने बोलिल्या, “नाही. मी चाकरी सोडली. उद्या पेठेत माझा स्वतःचा कारखाना उघडते.”