भागाबाईंच्या पंगतीची मोहीम

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, आदित्यवार, ते दिवशी मौजे शिवखेडे येथे जे रण माजले, त्याची खरी हकीकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, आणि वर्तमानपत्री तिसऱ्या पानावर जे छापून आले त्यावर कोणी शहाण्याने विसंबू नये, याकरिता जैसे घडले तैसे येथे नमूद केले असे.

चाळीसगाव मागे टाकून धुळ्याची वाट धरिली म्हणजे दोन जिल्ह्यांच्या शिवेवर हे गाव लागते. तेथे पूर्वी रुपचंद मास्तर म्हणोन थोर पुरुष होऊन गेले. त्यांनी पाणवठा तमाम जातींस खुला केला, आणि मग तेवढ्यावर न थांबता पंगत मांडिली, आणि ज्या आळीच्या सावलीचाही गावास विटाळ होई त्याच आळीची बाई रांधावयास बसविली, आणि भरीत सिद्ध जाहल्यावर तिजला व तिच्या नऊ वर्षांच्या लेकीस आपल्या शेजारी सतरंजीवर घेऊन खणखणीत अहिराणीत हुकूम फर्माविला की, बठ्ठा बसतीन, मंगच घास. बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे बसतील तेव्हाच घास उचलावा, वाढपी कोणी नसावा, भांडे हातोहात पुढे जावे, ऐसा दंडक घातला. ती नऊ वर्षांची लेक म्हणजेच भागाबाई.

मास्तर वारले, आणि गावाने त्यांच्या शिकवणुकीतले सोयीचे तेवढे राखिले. दरसाल पुण्यतिथीच्या पंगतीस भागाबाईंच्या हातचे भरीत बोटे चाटून खाल्ले, त्यात कमी केली नाही, परंतु शेजारी बसवावयाची वेळ आली म्हणजे, अक्का, वाढायला कोणी नको का, तुम्ही मागून बसा, ऐसा साखरेत घोळलेला निरोप दरसाल येई. मागून म्हणजे मांडवामागे, चुलीपाशी. ऐसी बावीस वर्षे गेली. त्यांची आई तेथेच, राखेशेजारी जेवता जेवता म्हातारी होऊन मेली. आता भागाबाईंचेही गुडघे गेले, तेव्हा त्यांनी सून रत्ना हिजपाशी बोलून ठेविले की, यंदाचे वांगे शेवटचे, आणि यंदा मास्तरांच्या पंगतीत माय बसली होती तेथे, सतरंजीवर बसणे, न बसविल्यास पुन्हा या मांडवाचे तोंड न पाहणे.

इकडे मास्तरांच्या पुण्यस्मरणाची मक्तेदारी सांगणाऱ्या दोन दौलती उदयास आल्या होत्या. एक जळगावचा विचार मंच, त्याचे अध्यक्ष राजश्री हितेंद्रभाऊ. दुसरे धुळ्याचे प्रतिष्ठान, त्याचे अध्यक्ष राजश्री भूपेंद्रआबा. मास्तरांस उभयतांपैकी कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, परंतु मास्तर आपलेच, हा दोघांचा दावा ताम्रपटावर कोरल्यासारखा. ते दिवशी पूर्वेकडून भाऊंच्या चार इनोव्हा आल्या, आणि मग पश्चिमेकडून आबांच्या पाच आल्या, आणि मग भाऊंनी फोन करोन चाळीसगावाहून आणखी दोन मागविल्या, आणि मग तसबिरीस पहिला हार कोणाचा यावरून ऐसे हातघाईचे युद्ध जाहले की हार मधोमध तुटोन झेंडूची फुले मास्तरांच्या पायी आपोआप पडली. हेच काय ते निर्मळ पुष्पार्पण म्हणावे.

उभय पक्षांचे मुत्सद्दी प्राध्यापक डॉक्टर कुंदन सर. जन्म याच गावचा, वाढले अहिराणीवर, परंतु नावामागे डॉक्टर लागल्यापासून मायबोली ऐकिली की कपाळी आठी पडे. फलकावर मास्तरांचे वचन घालावयाचे ठरले तेव्हा सरांनी बठ्ठा हा शब्द पाहिला आणि हा तर बैठक शब्दाचा खेडवळ अपभ्रंश, ऐसा निवाडा देऊन कलम चालविली, आणि वीस फुटी फ्लेक्सवर ठळक अक्षरांत छापून आणिले की, बैठक बसेल, मगच घास. धन्य ती विद्वत्ता! आणि मग त्याच चुकीवर इमारत चढविली. बैठक म्हणजे व्यासपीठावरील मान्यवर. सबब मान्यवरांस वरती मेजखुर्च्या मांडाव्या, त्यांचे जेवण प्रथम व्हावे, आणि रयतेने खाली सतरंजीवर धीर धरावा, ऐसा हुकूम सुटला. खाली लोकांत कुजबूज जाहली, परंतु वरच्यांशी कोणी वाकडे घ्यावे.

भागाबाईंस अक्षरओळख नाही. त्या मांडवामागे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजलेली वांगी सोलून, ठेचून, फोडणी देऊन पातेल्यावर झाकण ठेवीत होत्या. इतक्यात सरांनी माइक हाती घेऊन ते वचन मोठ्या अभिमानाने वाचिले. भागाबाईंचा हात झाकणावरच थांबला. ज्या वाक्यावर त्यांनी सारी हयात काढिली त्यातून त्यांसच उचलोन बाहेर टाकिले होते. राग ऐसा आला की गुडघ्यांचे दुखणे विसरल्या, आणि रत्नास पातेले उचलण्याची आज्ञा करोन मांडवात शिरल्या, आणि सतरंजीच्या ऐन मध्यावर फतकल मारोन बसल्या, आणि पातेले मांडीशी घेतले.

वरती पुऱ्या आल्या, कांदा आला, लिंबू आले, आणि भरीत येईना. भाऊंनी आबांकडे पाहिले, आबांनी सरांकडे पाहिले, आणि सर घाम पुसत खाली उतरले. अक्का, आधी वरती पाठवा, कार्यक्रमाची शिस्त आहे, ऐसे हळूच विनवू लागले. भागाबाईंनी फ्लेक्सकडे हात केला, आणि सगळ्या मांडवास ऐकू जाईल ऐसे विचारिले,

"कुंदन, तुनी माय जेवाले बठ्ठास्ले हाक मारे, का बैठकले?"

मांडवात हसू फुटले. सरांची आई जुन्या पिढीस ठाऊक होती, तिची जेवावयाची हाक तीन आळ्यांत ऐकू जाई. सरांचे तोंड एवढेसे जाहले. मान खाली घालोन बोलिले, "बठ्ठास्ले, अक्का."

"मंग बठ्ठासमा मी बी शे," भागाबाई सगळ्यांत आपलीही गणती करोन बोलिल्या. "बठ्ठा खाले या, नही ते झाकण उघडत नही."

वरती मसलत चालली. खाली उतरावे तर इभ्रत जाते, न उतरावे तर भरीत जाते. ऐसा पेच पडला असता वर्तमानपत्राचा छायाचित्रकार उठला आणि त्याने यंत्राचे तोंड सतरंजीकडे वळविले. बस्स! समतेचा उजेड उभय अध्यक्षांच्या अंतःकरणी एकाच क्षणी पडला. दोघांनी व्यासपीठावरून उडी घातली, आबांचा एक जोडा वरतीच राहिला, आणि भाऊ उजवीकडे व आबा डावीकडे ऐसे भागाबाईंस खेटून बसले, आणि हसतमुख जाहले. भागाबाईंनी छायाचित्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. रत्नास जवळ बसविले, मांडवामागच्या साऱ्या बायांस हाका मारोन बसविले, कुंदन सरांस समोर बसविले, आणि मग झाकण काढोन पातेले भाऊंच्या हाती दिले. भाऊंस आपले वाढोन घेऊन पुढे द्यावे लागले. आबांस अखेरीस मिळाले, खरवड.

दुसरे दिवशी मंच आणि प्रतिष्ठान दोहोंनी आपापल्या इतिवृत्तात विजय नोंदविला, आणि तोच वर्तमानपत्री तिसऱ्या पानावर छापविला, तो ऐसा की, आमच्या माननीय अध्यक्षांनी श्रीमती भागाबाई यांस सन्मानपूर्वक आपल्या शेजारी बसविले. हे साफ लबाडीचे आहे. सबब दुरुस्ती येणेप्रमाणे कायम करण्यात येते की, मौजे शिवखेडे येथील फत्ते भागाबाईंची. त्यांस कोणी बसविले नाही, त्या बसल्या होत्या, आणि अध्यक्ष नंतर आले.