स्वेटरावरील गोळ्यांच्या मोहिमेची हकीकत

“बाई, आमच्या स्वेटरला गोळे येतात ते आमच्या आळसामुळे, मग तुमच्या शालीला कशामुळे?”

हा सवाल मुख्याध्यापिकाबाईसाहेबांस भर प्रार्थनासभेत, सातशे मस्तकांच्या समक्ष, नववीतील कन्या, भिंगरी नामें मशहूर, तिणे केला. कारण की, मैत्रिणींनी पैज घातली होती आणि पैजेस पाठ दाखविणे तिच्या रक्तात नव्हते. त्या सवालापासून जे रण माजले, ते जैसे घडले तैसे, पदरचे मीठमसाले फारसे न घालता, येथे नमूद केले असे.

पूर्वी शाळेने नवा स्वेटर मुक्रर केला. मुख्याध्यापिकाबाईसाहेबांनी नमुना गालास लाविला, लोण्यासारखा मऊ म्हणून पसंत फर्माविला, आणि मग पंधरा दिवस न लोटता कोपरांवर, काखेत, दप्तराच्या पट्ट्याखाली गोळ्यांची छावणी पडली. हुजुरांतून फर्मान सुटले की, मुली बाकांवर लोळतात, सबब जिच्या स्वेटरास गोळे तिणे मधल्या सुटीत बसून वेचावे. भिंगरी धावण्याच्या संघातील खाशी स्वार. संघाचा सराव मधल्या सुटीत. आणि आता या सवालाने आगीत तेल पडून हुकूम जाहला की, आठ दिवसांत निर्दोषत्व सिद्ध करावे, न केल्यास सर्वांदेखत माफी आणि संघातून नाव खारीज.

घरी मसलत बसली.

“माफी माग आणि मोकळी हो,” मातोश्री वदल्या.

“शालीपर्यंत जायची काय गरज होती गं?” तीर्थरूप वर्तमानपत्राआडून.

मग भिंगरीने आत्याबाईंकडे कूच केले. आत्याबाई सूतगिरणीत सूत तपासण्याच्या कामावर, नजर घारीची. त्यांनी स्वेटराच्या कडेचे एक सूत ओढिले, चिमटीत उलटे फिरविले, आणि ते दोन फेऱ्यांतच विस्कटून शरण आले.

“हा काय पीळ म्हणायचा? आणि तंतू बघ, नखाएवढे!”

मग आत्याबाईंनी शत्रूचे सारे गुपित फोडिले. तंतू आखूड म्हणोन टोके बहुत, आणि पीळ सैल म्हणोन कोणी कोणास धरीना. मग टोके बाहेर येतात आणि घासली की परस्परांत गुंततात. लोकरीच्या शालीचे गोळे कालांतराने तुटून गळतात, परंतु या स्वेटरात पॉलिएस्टर मिसळलेले, ते महाचिवट, तुटेना, गोळ्यास जागीच जखडून ठेवी.

“पण मऊ किती लागतो!” भिंगरी म्हणाली.

“सैल सूत मऊच लागणार, बाळे. त्यालाच तर तुमच्या बाई भुलल्या.”

आठवे दिवशी सभेत दोन तुकडे बाकास ठोकिले, एक स्वेटराच्या जातीचा, एक आत्याबाईंनी दिलेला, लांब तंतूंचा, घट्ट पिळाचा. मैत्रिणींनी जाड्याभरड्या दप्तरांनी दोहोंवर पाचपाचशे वार केले, आणि बाईसाहेबांनी चष्मा पुसून स्वहस्ते शिरगणती केली. मऊ तुकड्यावर सत्तेचाळीस गोळे, दुसऱ्यावर तीन.

“मी तर गालाला लावून घेतला होता गं,” बाईसाहेब हळूच बोलल्या, आणि मग त्याच मुखाने फर्मान निघाले की, गोळे वेचणे रद्द, भिंगरीची जागा कायम, नवे स्वेटर घट्ट पिळाचे यावे.

ते आले. गोळ्यांचे नाव नाही. परंतु टोचणे ऐसे की, अख्खी नववी बाकांस पाठ घासू लागली.

“महाराणी, यापेक्षा गोळे बरे होते!” मैत्रिणी कडाडल्या.

येणेंप्रमाणे गोळ्यांचा समूळ मोड जाहला, संघ राखिला, अब्रू राखिली, फत्ते जाहली. कातडीची हानी तेवढी निराळी लिहिली असे. आणि त्याच सायंकाळी, नवा स्वेटर अंगात, एक हात मानेमागे, विजयी भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जाहीर करती जाहली:

“आई, बाबा, ठरलं. दहावीनंतर मी सूतच शिकणार. गोळे येत नाहीत आणि टोचतही नाही असं कुणीतरी काढायला हवं ना? हसू नका. आधी पाठ खाजवा माझी.”