आवक क्रमांक ४१२ : सर्वोत्तम अष्टपैलू

एकोणीसशे एकोणनव्वदच्या जानेवारीत परभणीच्या जिल्हा संकीर्ण माहिती कार्यालयात दोन प्रकरणे प्रलंबित होती. पहिले, हंगामी लिपिक मार्तंड यास सेवेत कायम करणे. दुसरे, एकदिवसीय क्रिकेटमधला आजवरचा सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू निश्चित करणे. पहिले प्रकरण अडीच वर्षे पडून होते. दुसरे एका मंगळवारी चहाच्या वेळी सुरू झाले आणि तातडीचे ठरले.

मार्तंड सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झालेला. त्याची नेमणूक दर वेळी एकोणतीस दिवसांची असे. तिसाव्या दिवशी तो घरी बसे आणि एकतिसाव्या दिवशी त्याच खुर्चीवर, अनुभव नसलेला नवा उमेदवार म्हणून, रुजू होई. देवगाव फाट्याचे किशनराव आपली लेक सुमंगला त्याला द्यायला राजी होते. त्यांची अट एकच होती : "कायमची ऑर्डर दाखवा, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू."

त्या मंगळवारी आवक-जावक लिपिक सिताराम कपिलदेवच्या बाजूने आणि शिपाई भुजंग बोथमच्या बाजूने इतके तावातावाने बोलत होते, की मार्तंडला राहवले नाही.

"माप ठरवल्याबिगर मोठा कोण ते कसं ठरंल?" असे म्हणून त्याने एक कोरा कागद ओढला. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची; शिल्लक जितकी जास्त, तितका माणूस मोठा. कपिलदेव, इम्रान, बोथम अशी नावे त्याने मांडली. काळाच्या पलीकडची तुलना हवी म्हणून सोबर्सचेही नाव घातले. सोबर्स एकदिवसीय सामना आयुष्यात एकच खेळले, त्यात शून्यावर बाद झाले आणि एक बळी मिळवला तो एकतीस धावा देऊन. उत्तर आले उणे एकतीस.

भुजंग म्हणाला, "तुमचं शास्त्र लय भारी हाय, मार्तंडराव. ज्याला सारी दुनिया मानायलीय, त्योच उणे!"

मार्तंड प्रामाणिक होता. त्याने कागदाखाली लिहिले, 'माप सदोष. फेरविचार व्हावा.' मग कागद सितारामच्या टेबलावर ठेवून तो कप विसळायला गेला.

ही चूक झाली. बावीस वर्षांच्या नोकरीत सितारामने टेबलावरचा एकही कागद शिक्का मारल्यावाचून सोडला नव्हता. एकदा त्याच्या घरची वाणसामानाची यादी अशीच मंत्रालयापर्यंत गेली होती आणि आठ महिन्यांनी 'निधी उपलब्ध नाही' असे उत्तर घेऊन परत आली होती.

"नंबर पडला," सिताराम म्हणाला. "चारशे बारा."

"मग फाडून टाका की."

"नंबर पडलेला कागद फाडतेत व्हय? नोकरी घालवतो का माझी?"

पुढच्या पंधरवड्यात औरंगाबादहून तपासणी पथक येणार होते. कार्यालयात एक जरी कागद अनिर्णित सापडला, तर कर्मचाऱ्यांचे सगळे प्रस्ताव वर्षभर थांबणार होते. त्यात मार्तंडला कायम करण्याचाही होता. त्यामुळे अधीक्षक दिनकररावांनी ४१२ ची फाईल स्वतःकडे घेतली. त्यांना क्रिकेटमधले काहीच कळत नसल्याने त्यांनी अत्यंत निःपक्षपातीपणे शेरे मारले.

'कपिलदेव : झिंबाब्वेविरुद्ध १७५ धावा केल्याचे नमूद. चित्रीकरण उपलब्ध नाही. पुरावा जोडावा.

इम्रान : निवृत्तीनंतर पुन्हा रुजू. मुदतवाढीचा आदेश कोणाचा?

बोथम : पाठीच्या दुखण्याची दीर्घ रजा. वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे.

सोबर्स : एकूण सेवा एक दिवस. रोजंदारीवर होते काय?'

शेवटच्या शेऱ्यावर मार्तंड कळवळला. "साहेब, त्यांच्या ऐन उमेदीत हे सामनेच सुरू झाले नव्हते. वेगळ्या काळातली माणसं एका फूटपट्टीनं मोजता येत न्हाईत."

"म्हणजे तेव्हा पद मंजूर नव्हतं."

"तसं म्हणा."

"मग मंजूर नसलेल्या पदावर माणूस मोठा होतोच कसा?" दिनकररावांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

चौघांना खुलासा मागणारी पत्रे गेली. पत्त्याच्या जागी खबरदारी म्हणून फक्त देशाचे नाव होते. सात दिवसांत उत्तर न आल्याने चौघेही अपात्र ठरले. पण एकही पात्र उमेदवार नसलेली फाईल बंद करता येत नाही. तपासणीला दोन दिवस उरले होते.

तेव्हा भुजंगला मार्तंडची कणव आली. "साहेब, आपला मार्तंड हाय की! टायपिंग करतो, तालुक्यातल्या बैलांची बेरीज करतो, सायक्लोस्टाइलचं मशीन खोलून नीट करतो, तुमच्या पोरीच्या वहीत बेडूक काढून देतो. असा अष्टपैलू कुठं घावतो?"

दिनकररावांनी मार्तंडचेच सूत्र लावले. करतो ती कामे अकरा, नेमून दिलेले काम एक, शिल्लक अधिक दहा. उमेदवार हजर, पुरावा समोर, रजा शून्य. 'सर्वोत्तम अष्टपैलू : श्री. मार्तंड' असा निर्णय लागला आणि ४१२ निकाली निघाले. सितारामने पेढे आणले. मार्तंडने किशनरावांना पत्र टाकले, की सोमवारी या, ऑर्डर लागेल.

तपासणी पथक फार खूश झाले. कार्यालयात एकही कागद प्रलंबित नव्हता. खुशीतच त्यांनी मार्तंडचा प्रस्ताव हातात घेतला आणि सोमवारी फलकावर दोन आदेश शेजारी शेजारी लागले. पहिला ४१२ चा निर्णय, अपात्र ठरलेल्या चौघांच्या यादीसह. दुसऱ्यात म्हटले होते : 'या कार्यालयात लिपिकाचे पद मंजूर आहे. तथापि अभिलेखानुसार सदर कर्मचारी अष्टपैलू असून अष्टपैलूचे पद मंजूर नाही. सबब यापुढे नेमणूक देता येणार नाही.'

"तू गुणी आहेस, मार्तंड," दिनकरराव खरोखरीच्या दुःखाने म्हणाले. "त्याचीच अडचण झाली बघ."

तेवढ्यात एस.टी.तून उतरून किशनराव आले. पिशवीत सुपारी होती. फलकाशी उभे राहून त्यांनी दोन्ही आदेश बोट ठेवून, ओठ हलवत, दोनदा वाचले. बाकीची माणसेही मागून वाचू लागली. मार्तंड खांबाला टेकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

किशनरावांनी चष्मा काढला. "मार्तंडराव, ह्यो सरळ अन्याय हाय."

मार्तंडच्या डोळ्यांत पाणी आले. अडीच वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी उच्चारले होते.

"ह्या अष्टपैलूंच्या यादीत हॅडली कुठंय?" किशनराव म्हणाले.

"हौ की! हॅडलीच न्हाई!" मागची गर्दी एकदम बोलली. कोणी यादी करणाऱ्याची अक्कल काढली, कोणी फेरचौकशी मागितली. सिताराम शिक्का घेऊन बाहेर आला.

"अर्जच देतो मी," किशनराव म्हणाले. "मार्तंडराव, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिवा. लग्नाचं मग बघू सावकाश."

मार्तंडने फलकाच्या भिंतीवर कागद टेकवून अर्ज लिहिला. हे त्याचे त्या कार्यालयातले बारावे काम. अर्जावर त्याच मिनिटाला आवक क्रमांक पडला.

किशनरावांवर त्याला रागावता आले नाही, आणि वाचकहो, तुम्हालाही येणार नाही. हॅडलीचे नाव यादीत नाही हे सोबर्सच्या ओळीपाशीच तुमच्या ध्यानात आले होते. किशनरावांच्या लेकीचे नाव आठवायला मात्र पान मागे उलटून पाहावे लागेल.