ड्रॅगनशी कोणी भांडेना

"आता बघाच! आजपासून माझ्या खेळात डोकं चालवणाऱ्यालाच मान!" रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून टेलरने जाहीर केलं, आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

खेळ साधा होता. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा जितका मोठा, तितका घाव जबरदस्त. गोष्ट रचणारा अर्थातच टेलर. कापड बेतायच्या टेबलाभोवती खेळणारे तिघं: पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेले त्याचे सासरे, इस्पितळात नर्स असलेली मेहुणी आणि वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. समोर कोणीही येवो, तिघांचं आपलं एकच, "तलवार मारली!" मागच्या खेपेला तर त्यांनी नुसता रस्ता सांगायला आलेल्या म्हातारीलाही कापून काढलं होतं! म्हणून हा नवा नियम. न लढता जो संकटातून वाट काढेल, त्याला एक पितळी बटण बक्षीस. बटण परत दिलं की हुकलेला फासा पुन्हा टाकता येणार.

"कोटाचं बटण की शर्टाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोटाचं, बाबा."

"मग हरकत नाही."

आता आतली गोष्ट सांगायला हवी. कपाटात अस्तराच्या गठ्ठ्यामागे टेलरने एक ड्रॅगन लपवला होता. तारेचा सांगाडा, हिरव्या साटीनचे पंख, पाठीवरचा खवला न् खवला हाताने शिवलेला! त्यापायी गिऱ्हाइकांचे कोट रखडले, पण ड्रॅगनच्या शेपटीला सुरकुती नव्हती. आज गुहेत तुंबळ लढाई होणार, ड्रॅगन टेबलावर अवतरणार आणि तिघांची बोबडी वळणार, या एका क्षणासाठी तो जीव टांगणीला लावून बसला होता. बायकोने मात्र सकाळीच बजावलं होतं, "अहो, ते धूड आज वापरून टाका. मला कपाटात कापड ठेवायला जागा नाही. खेळात लागत नसेल तर उसवीन आणि पंखांच्या पिशव्या शिवीन!" आणि ती बोलली की करते.

खेळ सुरू झाला. पुलावर पहारेकरी आडवे आले. "परवाना दाखवा!" टेलर गरजला.

सासरे खुर्चीत मागे रेलले. "दाखवतो की. पण परवाने तपासायचा तुमचा परवाना कुठाय?"

"आमचा?"

"चालू सालचा. शिक्क्यासकट."

पहारेकरी बिचारे परवाना शोधायला गेले, मंडळी पूल ओलांडून मोकळी! टेलरने खूश होऊन बटण दिलं. मग लांडगे आले. मेहुणीने त्यांना मांसातून झोपेचं औषध चारलं. तिलाही बटण. मग आले दरोडेखोर.

"म्होरक्या दिसतो कसा?" डॉक्टरने विचारलं.

"भयंकर! लाल डोळे, एक गाल सुजलेला..." टेलर रंगात येऊन बोलून गेला.

"सुजलेला? किती दिवस झाले?"

म्होरक्याची दाढ काढून झाली. मग बाकीच्या दरोडेखोरांनी रांग लावली, आणि आधी कोण यावरून त्यांचीच आपसात जुंपली. तिसरं बटण गेलं, तेव्हा कुठे टेलरच्या ध्यानात आलं. एकाही तलवारीने अजून म्यान सोडलं नव्हतं, आणि पुढची जागा म्हणजे गुहा!

त्याने घाईघाईने बंदोबस्त केला. "गुहेत ड्रॅगन आहे! आधीच सांगतो, तो ठार बहिरा आहे. गोड बोलून काही उपयोग नाही!"

"बहिरा?" सासरे खुलले. "मग पाठीमागून जाऊ. वाजतगाजत गेलो तरी त्याला काय कळतंय!"

"तो झोपत नाही! तीनशे वर्षं डोळ्याला डोळा नाही!"

"भावोजी, अहो, मग तो आजारी आहे," मेहुणी कळवळली. "आधी त्याला आडवं करा. मी नाडी बघते."

"तो चावेल!"

"दातांची अवस्था कशी आहे?" डॉक्टर पुढे सरसावला.

"त्याला दातच नाहीत!" टेलर ओरडला.

डॉक्टर पुन्हा खुर्चीत टेकला.

"मग आपण घाबरतोय कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"आग! तो आग ओकतो, आग!"

"ओकणारच," मेहुणी म्हणाली. "झोप नाही, चावून खाणं नाही. आम्लपित्त आहे ते. थंड दूध द्या."

आणि तिघांनी बटणासाठी हात पुढे केले.

टेलरचा धीर सुटला. "अरे, भांडा ना त्याच्याशी! एकदा तरी भांडा!" तो ताडकन उठला, अस्तराचे गठ्ठे भिरकावले आणि ड्रॅगन टेबलावर आणून ठेवला. एक पंख दबून वाकला होता, तो त्याने अंगठ्याने सरळ केला. त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याची त्याला लाजही वाटली.

तिघं बघतच राहिले. "हाताने शिवलंत हे?" मेहुणीने हळूच विचारलं. सासऱ्यांनी फासा तिच्याकडे सरकवला. "चला. तलवार काढा."

लढाई जुंपली! टेलरचा चेहरा उजळला. मेहुणीने फासा टाकला, अठरा. डॉक्टरचे सतरा. ड्रॅगन लटपटला. आणखी एक चांगला घाव बसला की खेळ खलास! तेवढ्यात आतल्या दारात टेलरची बायको येऊन उभी राहिली. हातात कात्री.

"मेला की सांगा," ती म्हणाली. "साटीन चांगलं आहे."

टेलरचं तोंड एवढंसं झालं. लढाई झाली की कोणीतरी मरतं, हा विचार त्याने ड्रॅगन शिवतानाच्या दोन महिन्यांत केलाच नव्हता! सासऱ्यांनी एकदा लेकीच्या कात्रीकडे पाहिलं, एकदा जावयाच्या तोंडाकडे, आणि फासा टाकला. तो घरंगळत टेलरच्या पुढ्यात येऊन थांबला. वीस! त्याच क्षणी सासऱ्यांचा पंजा त्यावर पडला.

"दोन," ते म्हणाले. "हुकला बुवा."

"अहो काका, तुमच्याकडे बटण आहे की! परत टाका!" डॉक्टर म्हणाला.

"हरवलं," सासरे खिसा घट्ट धरून म्हणाले.

नियमाप्रमाणे, डोकं चालवून ड्रॅगन वाचवणाऱ्या सासऱ्यांना दिवसातलं सगळ्यात मोठं बक्षीस आत्ता द्यायला हवं होतं. पण द्यायचं म्हणजे वीस पाहिले हे कबूल करायचं!

"ड्रॅगन जिंकला!" टेलर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला. "बाबा, तो तुम्हाला गिळतोय!"

दारातली कात्री पुटपुटत आत गेली.

"दातांशिवाय?" डॉक्टरने विचारलं.

"हो," टेलर म्हणाला. "म्हणून तर जरा वेळ लागतोय."