सगुणमामांचा पिक्चर

“चाय बेगीन संपय, पिक्चर येता.”

धारगळच्या हमरस्त्यावरच्या टपरीत एक माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला आणि दोघांनी घाईघाईने ग्लास तोंडाला लावले. मी पाव घ्यायला आले होते. वळून पाहिलं तर सगुणमामा स्कूटर उभी करत होते. डोक्यावर हेल्मेट, काखेत कादंबरी. त्या दोघांना उठायला जरासा उशीर झाला. मामा त्यांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, “इतिहास पयल्या गियरार आयकूचो. घाय करू नकात.”

हेल्मेट ते काढत नसत. काढलं की लोकांना वाटतं हा माणूस आता बसणार, असं त्यांचं म्हणणं. ते न काढता ते तासभर बसत.

सगुणमामा आमच्या घरामागे राहतात. ते माझे सख्खे मामा नाहीत, सगळ्या वाड्याचे आहेत. माझी आईसुद्धा कधी कधी चुकून त्यांना मामा म्हणते. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहून गंजला, शेवटी विकला गेला. ट्रकची भाषा तेवढी राहिली. नुसतं बसून खाणारा माणूस ‘न्यूट्रलार’ असतो, बोलताना मूळ मुद्दा विसरणाऱ्याचा ‘ब्रेक लागना’ आणि आमच्या सरपंचांना ते ‘रिव्हर्स सोडून सगळे गियर गेले’ म्हणतात.

कादंबरी लिहिली डिचोलीच्या सरांनी. सर हायस्कुलात शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पेडणं सावंतवाडीकरांकडे होतं आणि नदीपलीकडे पोर्तुगीज होते, त्या काळची ती गोष्ट. नाक्यावरच्या एका अधिकाऱ्याची मुलगी नवऱ्याचं घर सोडून रातोरात नदी ओलांडते, असं तिचं कथानक. ती आता पडद्यावर येणार होती. मुंबईची कंपनी आली, चित्रीकरण करून गेली, आणि प्रसिद्धीचं थोडं काम मला मिळालं. मोबाईलवर फोटो टाकायचे, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या. घरी बसून करायचं, कुणाशी बोलायचं नाही, म्हणून मी ते घेतलं.

मामांना हे कळल्यावर त्यांनी कामाची वाटणी जाहीर केली. “तू मोबायलार, मी वाटेर.”

त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण पेट्रोल पंपावर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बाराव्याच्या जेवणातही त्यांनी कादंबरी काढली. गेलेला माणूस इतिहासाचा भोक्ता होता, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पणजीच्या बसमध्ये ते मुद्दाम मधल्या सीटवर बसत, म्हणजे आवाज दोन्हीकडे जातो. किनाऱ्याचा रस्ता विचारणाऱ्या एका परदेशी जोडप्याला त्यांनी अख्खी गोष्ट आमच्या बोलीत सांगितली. ती दोघं शेवटपर्यंत मान हलवत राहिली. “तीं आयलीं पिक्चराक,” असं मामांनी मला घरी येऊन कळवलं.

खरं म्हणजे ती कादंबरी त्यांनी पूर्ण वाचलेली नाही. “सुरवातीक चढाव आसा, गाडी लोड,” ते म्हणतात. त्यांची प्रत एकाच पानावर आपोआप उघडते. त्या पानावर एक तारी, म्हणजे नावाडी, आहे. त्या रात्री तो मुलीला होडीत घेतो, पलतडीला, पलीकडच्या काठावर, उतरवतो आणि तिचं नावही न विचारता परत फिरतो. पुढे पुस्तकात तो कुठेच नाही.

हा तारी मामांचा पूर्वज. त्यांच्या घराला गावात अजूनही ‘तारयाचें घर’ म्हणतात, एवढा एकच पुरावा. पण सरांना ही गोष्ट मिळाली ती मामांच्या ट्रकमध्ये. सर त्या काळात डिचोलीहून धारगळला बहिणीकडे यायचे तेव्हा मामांच्या केबिनमध्ये बसून येत. वाटेत मामा बोलत, सर खिडकीबाहेर बघत. आपलं कुणी ऐकत नाही असंच मामांना वाटायचं. पुढे कित्येक वर्षांनी पुस्तक आलं आणि त्यात तो तारी निघाला. ही हकिगत सांगताना मामांचा आवाज खाली येतो आणि गियरची भाषा बंद होते.

तर एके दिवशी मुंबईहून कंपनीतल्या बाईंचा फोन आला. ते हेल्मेटवाले काका सगळीकडे होडी, होडी सांगत फिरतायत, त्यांना थांबवा. होडीचा प्रसंग काढलाय. नायिका आता घोड्यावरून नदी ओलांडते. घोडा ट्रेलरमध्ये छान दिसतो. “तू लोकल आहेस ना, तूच सांग,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गेले. मामांनी खतखतं केलं होतं. एकट्या माणसासाठी कुणी एवढ्या भाज्यांचं खतखतं करत नाही, पण त्यांना थोडं करता येत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि परत आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला शिडी धरायला लावली. बसथांब्यावर पोस्टर चिकटवायचं होतं. शिडीवरच्या माणसाला असलं काही सांगू नये, असं मी स्वतःला सांगितलं.

पण मग ट्रेलर दाखवण्याचा कार्यक्रम आमच्याच देवळाच्या मंडपात ठरला आणि मामांनी नातेवाईकांना निरोप धाडायला सुरुवात केली. मोप्याची चुलत बहीण, बांद्याचा भाचा, डिचोलीचे जुने ड्रायव्हर. सगळ्यांना एकच निरोप: आमचो पूर्वज पडद्यार येता, येयात.

तेव्हा मात्र जावंच लागलं. ते अंगणात स्कूटर धूत होते. मी पायरीवर उभी राहून, त्यांच्याकडे न बघता, एका दमात सांगून टाकलं. होडी नाही. तारी नाही. घोडा आहे.

त्यांनी नळ बंद केला.

“घोडो भरतीक घातलो काय सुकतीक?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आमच्या नदीला समुद्राचं पाणी चढतं आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उतरतं. भरतीला तिच्यात घोडा घालणं म्हणजे घोडा जाणार आणि वरचं माणूसही जाणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुंबईच्या माणसांना ते कुणी सांगितलं नसावं.

“सुकती आसतली,” मामा स्वतःशीच म्हणाले. “सुकतीक, वयल्या अंगान घातलो जाल्यार जमत.” मग माझ्याकडे बघून, “सरांक खबर आसा?”

मी मान हलवली. सरांनी दोनदा पत्र लिहिलं होतं, उपयोग झाला नव्हता.

“तेंका कित्याक त्रास,” एवढंच ते बोलले, आणि नळ पुन्हा सोडला.

मला वाटलं, आता हे थांबतील. दुसऱ्या दिवशी टपरीत गेले तर हेल्मेट होतंच. “घोडो आसा, घोडो,” ते सांगत होते. कुणीतरी टोमणा मारला, मामा, आमच्या नदीत घोडो बुडात मरे. मामांनी शांतपणे त्याला सांगितलं की त्या रात्री सुकती होती. कंपनीने केलेली चूक ते गावोगाव फिरून निस्तरत होते. होडीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. नातेवाईकांनाही नाही. त्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला नाही, त्यामुळे ते आले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडप भरला. सर पहिल्या रांगेत होते, शेजारी दिग्दर्शक. मामांचे नातेवाईक मागे चटईवर. ट्रेलर सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे त्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने मोठ्या आवाजात देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक मागणीला सगळ्या गावाने “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गावाने होकार दिला नाही तर ती मागणी देवापर्यंत जात नाही आणि गाऱ्हाणं घालणाराही पुढे सरकत नाही. हे काम गावाचे मानकरी असलेल्या म्हाताऱ्या गावकारांचं. पण त्या दिवशी ते म्हणाले, पिक्चरवाल्यांची नावं माका येनत, सगुणाक सगळीं पाठ, तोच घालूं दी.

मामांनी हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं. त्यांचे केस इतके पांढरे आहेत हे मला तेव्हा कळलं.

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी सुरू केलं. “आज जो ह्यो पिक्चर तुज्या पायांकडे हाडलो हा, तेका यश दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमच्या सरांनी जी गजाल बरयली, ती चार मुलखांत पावंदी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

दिग्दर्शक झाला, नायिका झाली, कॅमेरावाला झाला. घोड्यालाही सांभाळ म्हणाले तेव्हा गाव हसत हसत “व्हय म्हाराजा” म्हणालं. मला वाटलं संपलं. मामांनी हात मात्र सोडले नाहीत.

“आनी म्हाराजा,” ते म्हणाले, “ज्या तारयान तिका पलतडी पावयली, तो पिक्चरात ना. तेचें नांव कोणाक खबर ना. तो खंय आसलो थंय, आमका तेची याद आसा म्हूण तेका सांग रे म्हाराजा.”

मंडप गप्प झाला. पिक्चरात नसलेल्या माणसासाठी व्हय म्हणायचं की नाही, हे कुणाला समजेना. मागच्या चटईवर मामांची चुलत बहीण भाच्याकडे बघायला लागली. दिग्दर्शक मोबाईल बघत होता. सरांनी मान खाली घातली होती. मामा डोळे मिटून, हात जोडून तसेच उभे होते. होकार आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं आणि मागेही येता येत नव्हतं.

मी खांबाजवळ उभी होते. गावात पाचजणांनीही माझा आवाज ऐकलेला नसेल. मी एकटीच बोलले, आणि मंडपातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

“व्हय म्हाराजा.”